साहेबाची डावी भुवई

मी एक जुना साहेब आहे. खराखुरा नव्हे मित्रांनो, रंगवलेला. तेलरंगातला, कापडावरचा, सोनेरी चौकटीतला. चौकटीचं सोनं कोपऱ्याकोपऱ्यांत उडालंय आणि आतलं लाकूड दिसायला लागलंय. माझ्या शेजारी एक छान गादीची खुर्ची रंगवलेली आहे. चित्रकाराने मला तिच्या पाठीवर एक हात ठेवून उभं केलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. तेव्हापासून मी उभाच आहे. खुर्ची हाताशी असून बसता येत नाही, याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

लोक मला बघतात आणि म्हणतात, काय रुबाब आहे! अहो, कसला रुबाब. पाठ अवघडली आहे नुसती. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर पहिल्यापासून सांगतो. मध्ये थांबलो तर दम खातोय असं समजा.

माझा चित्रकार गावोगाव फिरून पोट भरणारा होता. थंडीत रस्ते बंद व्हायचे आणि समोर बसायला गिऱ्हाईक मिळायचं नाही. मग तो घरात बसून नुसते कोट रंगवायचा. कोट, कॉलर, बटणं, हात, खुर्ची, मागचा पडदा, सगळं तयार. फक्त डोक्याच्या जागी अंड्याच्या आकाराची कोरी जागा. ऊन पडायला लागलं की हे बिनडोक साहेब गाडीत घालून तो निघायचा. गिऱ्हाईकाने आपल्या पोटाच्या घेराप्रमाणे कोट निवडायचा आणि वर आपला चेहरा बसवून घ्यायचा. तयार कपड्यांच्या दुकानात चालतो तसाच प्रकार.

कोट अंगात घालून उभं राहायला त्याला कुणीतरी लागायचं. बायकोसारखं फुकट उभं राहणारं दुसरं कोण मिळणार? म्हणून माझे हात बाईचे आहेत. उजव्या हाताच्या बोटावर सुई टोचल्याची बारीक खूण आहे, तीसुद्धा त्याने इमानेइतबारे रंगवली. कोटाची बटणंही तिने आपल्या सवयीने बायकांच्या बाजूला लावून घेतली होती, ती तशीच राहिली.

चेहरा मात्र एका खऱ्या इंग्रज गृहस्थाचा. हा गृहस्थ घोड्यांची औषधं विकायचा आणि आपण जमीनदारासारखं दिसावं अशी त्याला फार हौस होती. एका सकाळी तो समोर येऊन बसला. बसला म्हणजे काय, सारखी चुळबुळ चालली होती. मान खाजव, घड्याळ काढ, झालं का म्हणून विचार. चित्रकार वैतागला आणि त्याने पातळ रंगात चेहरा उरकून टाकला. कोट थरावर थर देत थंडीभर चाललेला, आणि चेहरा एका सकाळचा. मित्रांनो, हे तेवढं ध्यानात ठेवा. माझी सगळी रडकथा इथून सुरू होते.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. त्या गृहस्थाने मला जेवणघरात लावलं आणि पाहुण्यांना माझ्याखाली बसवलं. त्याच्या बायकोने मात्र पहिल्याच दिवशी माझे हात बघून नाक मुरडलं होतं. पुढे त्याच्या मुलांनी मला जिन्यात नेलं, नातवंडांनी माळ्यावर टाकलं, आणि एक दिवस असा आला की मी कोण हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. घर विकलं, त्यात मीही गेलो. गवतात गुंडाळून पेटीत, पेटी बोटीत. कुठे उतरलो ते मला कुणी सांगितलं नाही. चित्राला कोण सांगतं?

मग मी एका क्लबात लटकलो. तिथली माणसं दिवसभर चिरूट ओढायची, त्यात मी हळदीसारखा पिवळा झालो. तिथून एका शाळेत. तिथे मला संस्थापक म्हणून लावलं होतं! मुलं रोज माझ्यासमोर रांगेने उभी राहून प्रार्थना म्हणायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घोड्याचं औषध विकणारा मी, मला कसली शाळा? शेवटी खऱ्या संस्थापकाचा फोटो कुठल्याशा कपाटात सापडला. मला त्याच दिवशी खाली उतरवलं आणि जुन्या सामानाच्या दुकानात पाठवलं. तिथे मोडक्या कपाटांच्या मागे भिंतीकडे तोंड करून मी इतका काळ काढला की आपल्याला तोंड आहे हेच विसरत चाललो होतो.

तिथे त्या दोघी आल्या. सख्ख्या बहिणी, दोघी शिवणकाम करणाऱ्या. त्यांना इस्त्रीसाठी मजबूत टेबल हवं होतं. टेबल ओढताना थोरलीने मला सरळ केलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चेहऱ्याच्या आधी माझ्या कॉलरकडे बघितलं. कॉलर कशी बसलीय बघ, असं तिने धाकटीला सांगितलं. धाकटी वाकून बघते तर बटणं बायकांच्या बाजूला. दोघींना हसू आवरेना. दुकानदाराला वाटलं, आपल्याला हसतायत. त्याने वैतागून मला टेबलावर फुकट देऊन टाकलं.

त्यांचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दोन शिलाई मशिनी, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात तयार कपड्यांचा दांडा आणि जमिनीवर सदान्कदा चिंध्या. मला टेबलाच्या वर लावलं. दोघींची लग्नं झालेली नव्हती, त्यामुळे येणारा जाणारा, कधी जागेचा मालक, कधी कापडवाला, हळूच विचारायचा की घरात पुरुषमाणूस कोण आहे. एकदा थोरलीने मशिनीवरची मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हे काय, आजोबा आहेत की. विचारणारा वरमला. धाकटी सुताचं रीळ तोंडावर धरून हसत होती.

झालं, त्या दिवसापासून मी आजोबा. आधी थट्टेत, मग सवयीने, आणि पुढेपुढे तर त्यांचं त्यांनाच कळेना की ही थट्टा आहे की खरं. महागाचं कापड असलं की कात्री लावण्याआधी दोघी माझ्याकडे बघायच्या. आजोबा, कापू ना? मी काय बोलणार. पण कापड कधी चुकलं नाही, आणि त्याचं श्रेय उगाच मला मिळायचं. धाकटी फटकळ. ती दिवसातून एकदा तरी माझ्यावर डाफरायचीच. काम अंगावर आलं, गिऱ्हाईक भांडून गेलं, दोरा तुटला, की कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी. बघता काय नुसते? हात लावा जरा!

थोरलीचा माझ्यावर फार जीव होता. तोच नडला. दुकानाला सुट्टी असली की ती मला खाली उतरवायची आणि ओल्या फडक्याला साबण लावून माझं तोंड पुसायची. कोटाला काही होत नव्हतं, तो जाड रंगाचा. पण चेहरा एका सकाळचा पातळ, तो कसा टिकणार? ज्यांनी मला माळ्यावर टाकलं त्यांनी माझा केसही वाकडा केला नव्हता, आणि ही बाई मायेने मला पुसत पुसत संपवत होती. मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

एका सुट्टीला तिने फडकं उचललं तर त्यावर तपकिरी डाग. माझी डावी भुवई त्या फडक्यावर होती. थोरली मटकन खुर्चीवर बसली. आजोबांचं तोंड मी पुसून टाकलं गं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दिवसभर तिने अन्नाला स्पर्श केला नाही. धाकटीने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. ती समोरच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे गेली, डबीच्या झाकणात थोडा रंग आणि एक बारीक ब्रश घेऊन आली आणि मला भिंतीवर परत लावून, चपला काढून टेबलावर चढली.

आता तिला भुवया काढायची सवय कुठली? तिला सवय कोटाचा मुंढा आखायची. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोलावा. हात सवयीने गेला आणि भुवईच्या जागी तो मुंढाच उमटला, जरा जास्तच वर. पुसावा तर पुन्हा फडकं लावायची हिंमत कुणाची? तसाच राहिला. त्या दिवसापासून माझी उजवी भुवई साहेबाची आणि डावी धाकटीची. उजवीला जगाशी काही देणंघेणं नाही. डावी मात्र उंच होऊन बसली आहे, जणू विचारतेय की असं होय, मग पुढे काय झालं?

आणि मित्रांनो, त्या भुवईने माझं आयुष्य बदललं. मापं द्यायला उभ्या राहिलेल्या बायका माझ्याकडे बघत आपोआप बोलायला लागल्या. सासूचं, नवऱ्याचं, दुखणाऱ्या गुडघ्याचं, शाळेत मागे पडलेल्या मुलाचं. त्यांना वाटायचं मी लक्ष देऊन ऐकतोय. खरंच ऐकायला लागलो होतो मी. इतकी वर्षं लोकांनी मला नुसतं बघितलं होतं.

एका हिवाळ्यात थोरली छातीच्या दुखण्याने गेली. धाकटीने काही दिवस दुकान बंद ठेवलं आणि मग पुन्हा उघडलं, पण दुसऱ्या मशिनीवर कापड घालून ठेवलं ते कधी काढलं नाही. आता तिला डाफरायला मी एकटाच उरलो. ती सकाळी कुलूप काढायची ती माझ्याशी बोलतच. ताई असती तर असं म्हणाली असती, ताई असती तर तसं. मग डोळे पुसून माझ्यावरच खेकसायची. मला त्या खेकसण्याची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही.

मग ती पडली. दुकानाच्या पायरीवर पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. लग्न होऊन गेलेली एक मधली बहीण होती, तिचा मुलगा, म्हणजे धाकटीचा भाचा, तिला आपल्या घरी घेऊन गेला. गुणाचा मुलगा. दुकानाची जागा सोडायची होती, त्याने सगळं सामान एकट्याने आवरलं. मशिनी एका शिवणवर्गाला दिल्या, टेबल शेजाऱ्याला, आणि मला लिलावघरात. मावशीला न विचारता. लहानपणापासून त्याने तिला माझ्यावर ओरडतानाच ऐकलं होतं. त्याला वाटलं, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर नको असणार. चांगलं करायला गेला बिचारा.

लिलावघराच्या तळघरात माझ्या कोपऱ्याला नंबर चिकटवला आणि मला एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आडवं केलं. इतक्या वर्षांनी आडवं व्हायला मिळालं, तेवढंच सुख. तो माणूस हळुवार हाताचा होता. काडीला कापूस गुंडाळून, त्याला कसलंसं औषध लावून त्याने माझे हात साफ केले. चिरुटाचा पिवळेपणा निघाला आणि खालून त्या चित्रकाराच्या बायकोचे हात निघाले, गोरे, जिवंत, सुईच्या खुणेसकट. लिलावघराच्या बाई खाली येऊन बघून गेल्या आणि खूश झाल्या. हातांमुळे भाव चांगला येईल म्हणाल्या. जाताना त्यांची नजर वर गेली. ही भुवई कुणा पोराने काढलीय का, असं विचारून त्या हसल्या आणि उद्या ती आधी काढून टाका असं सांगून निघून गेल्या.

मी फार सोसलंय, पण भीती म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. भुवई गेली तर मी पुन्हा तोच, घोड्याचं औषध विकणारा आणि घड्याळ बघणारा. कोण बोलणार माझ्याशी? आणि धाकटी कधी आलीच, तर तिने मला ओळखायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाल्याने कापूस गुंडाळला आणि दारात काठीचा आवाज झाला. धाकटी. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भाच्याचं कोपर धरलेलं. आदल्या रात्री भाच्याने तिला आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं की आजोबांची सोय लागली, आणि ती जेवणाच्या ताटावरून उठली होती. ती माझ्याजवळ आली, कापसाकडे बघितलं आणि सगळं समजली.

"ती भुवई मी काढलीय," ती म्हणाली.

दुरुस्तीवाला चिडला नाही. त्याने तिला स्टूल दिलं आणि नीट समजावून सांगितलं की हा पाट्यांचा रंग आहे, खाली मूळ भुवई उरलेलीच नाही, ही काढून तो उजवीसारखी दुसरी रंगवणार आहे.

"म्हणजे तुम्हीही तुमच्या मनानंच काढणार."

"हो, तसंच म्हणा."

"मग माझी काय वाईट आहे? तुम्ही एकदा बघून काढणार. मी रोज बघत आलेय त्यांना."

त्याने पुन्हा एकदा माझ्या दोन्ही भुवयांकडे बघितलं. मग त्याने कापूस बाजूला ठेवला. बाईंना मी सांगतो, ही आता चित्राचाच भाग झालीय, असं म्हणाला. आणि त्याने तिच्यादेखत माझ्यावर वॉर्निशचा हात फिरवला, कोटावर, हातांवर, चेहऱ्यावर आणि त्या भुवईवरही, सगळीकडे सारखाच. भाचा खाली मान घालून उभा होता. मला वाटलं तुला हे नकोच आहेत मावशी, तो म्हणाला, तू रोज ओरडायचीस त्यांच्यावर.

"अरे, मग काय परक्यांवर ओरडू?" धाकटी म्हणाली.

मला तसंच परत नेता येईल का, असं भाच्याने वर जाऊन विचारलं. पण कागदावर त्याची सही झाली होती आणि लिलाव जाहीरही झाला होता. आता इतरांसारखं सभागृहात बसून बोली लावायची, एवढाच मार्ग होता. घरातल्या खोलीत मावशीच्या खाटेसमोरची भिंत त्याने मोकळी करून ठेवली. खिळासुद्धा ठोकला. लिलावाच्या दिवशी दोघं पुढच्या रांगेत येऊन बसली तेव्हा तो दुरुस्तीवाल्याला हेच सांगत होता.

माझा नंबर आला. दोन हमालांनी मला उचलून धरलं. बोली पुकारणाऱ्याने इंग्रज गृहस्थ, चित्रकार अज्ञात, असं सांगितलं आणि माझ्या भुवईवर एक विनोद केला. लोक हसले. मला बरं वाटलं. हसण्यावारी नेलं की भाव येत नाही. भाच्याने हात वर केला. दुसरा हात मागून वर गेला, एका हॉटेलमालकाचा. मग तिसरा हात एका बाईंचा, त्या सारख्या माझ्या हातांकडेच बघत होत्या. काय सांगू मित्रांनो, ज्याने मायेने मला साफ केलं त्यानेच मला इतकं चांगलं करून ठेवलं होतं की मी धाकटीला परवडेनासा झालो. त्या बाई थांबल्या, हॉटेलमालक थांबेना. भाच्याचा हात वरच होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तरी हात वर. तेव्हा धाकटीने त्याची बाही धरली आणि त्याचा हात हळूच खाली घेतला. सदरा तिनेच शिवलेला होता. हातोडी पडली आणि मी हॉटेलमालकाचा झालो.

मला गुंडाळत होते तेव्हा ती आली. रडली नाही. हॉटेलमालकाला म्हणाली, एवढंच करा, ओल्या फडक्याने पुसू नका यांना. कोरडं, मऊ कापड घ्या, आणि चेहऱ्यावर तर हात जपूनच. तो भला माणूस, मान डोलावत होता, पण लक्ष गाडीकडे होतं. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, काठी भाच्याकडे देऊन.

"बघता काय नुसते?" ती म्हणाली. "निघा आता."

आता मी एका हॉटेलच्या जिन्यात वरच्या वळणावर आहे. लोक मला कुणीतरी मोठा सरदार समजतात. जेवून उतरणारे माझ्यासमोर फोटो काढून घेतात, मुलं माझ्यासारखी भुवई वर करून दाखवतात. धाकटीला हा जिना चढवणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

व्हायचं तेच झालं, मालक धाकटीचं सांगणं विसरला. एका सकाळी साफसफाईची नवी बाई बादली घेऊन आली. फडकं पिळलं, हात माझ्या गालापर्यंत आणला. मला थोरलीचं फडकं आठवलं. मग तिची नजर माझ्या भुवईवर गेली आणि हात थांबला. काय साहेब, काय झालं, ती हसून म्हणाली. मग इकडेतिकडे बघून बादली खाली ठेवली, पायरीवर बसली आणि सांगायला लागली. मुलीला ताप होता, तिला शेजारणीकडे ठेवून आली होती, आणि सुट्टी मागायची भीती वाटत होती. सगळं बोलून झाल्यावर तिने स्वतःच्या कोरड्या बाहीने माझ्या चौकटीवरची धूळ झटकली आणि थेट मालकाच्या खोलीकडे गेली. ओलं फडकं पायरीवर तसंच राहिलं होतं.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी जुनं असेलच. त्याला पुसायला घेण्याआधी घडीभर त्याच्यासमोर उभं राहा आणि नीट बघा. आणि कुणाचं काही विकायला काढलंत, तर आधी त्या माणसाला विचारा. ते माणूस त्या वस्तूवर रोज ओरडत असलं तर दोनदा विचारा. मी थकलोय, यापेक्षा मोठं काही मला सांगता येणार नाही.

भाचा अधूनमधून येतो. चहा घेतो, वर वळणावर येतो आणि कुणी बघत नाही असं पाहून माझ्याशी बोलतो. मावशी आता काठीशिवाय खोलीभर चालते. खाटेसमोरच्या भिंतीवर तिने दुसरं काही लावू दिलेलं नाही. खिळाही काढू दिलेला नाही. परवा आला तेव्हा जरा लाजत लाजतच म्हणाला की मावशीने निरोप दिलाय. मग त्याने कमरेवर हात ठेवला, अगदी तिच्यासारखा, आणि सांगितलं, "बघता काय नुसते?"

बघतोय गं बाई. तू काढलेल्या भुवईखालून सगळं बघतोय.